फ्लश मारला म्हणजे पेज पोचलं असं नाही

पेज पूर्ण व्हायच्या आधीच जेवढं झालंय तेवढं ब्राउझरला देत राहायचं (यालाच स्ट्रीमिंग म्हणतात), हे काही रिअ‍ॅक्टवाल्यांनी शोधलेलं नाहीये; ती पेज बांधायची एक जावास्क्रिप्ट लायब्ररी. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याचे नियम, त्याच्या १.० मध्ये लांबी न सांगता पाठवत राहायचं आणि संपलं की कनेक्शन तोडायचं. १९९७ ला १.१ आलं, कनेक्शन उघडंच ठेवायचं ठरलं, मग पेज संपलं हे कळणार कसं? म्हणून चंक्ड पद्धत, प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी आणि शेवटी शून्य.

खरा घोळ फ्लश या शब्दाचा, म्हणजे साठलेला माल पुढे ढकलायच्या आज्ञेचा. पीएचपीत (सर्व्हरवर पेज बनवायची भाषा) ओबी-फ्लश वेगळा आणि नुसता फ्लश वेगळा, पहिला पीएचपीचा स्वतःचा बफर (माल तात्पुरता साठवायची जागा) रिकामा करतो, दुसरा ते पुढे सर्व्हरकडे ढकलतो, आणि आम्ही दोन्ही लिहून ब्राउझरकडे बघत बसायचो तर स्क्रीन पांढरीच! कारण मध्ये डेटा दाबून लहान करणारं जिझिप लावलेलं असायचं, ते पुरेसा माल जमल्याशिवाय काही सोडायचं नाही. त्यातून सुटलं तर इंटरनेट एक्सप्लोररच्या काही व्हर्जन्सना पहिले २५६ बाइट्स आल्याशिवाय काही दाखवायचंच नसायचं, म्हणून लोक पेजच्या सुरुवातीला चक्क स्पेस भरायचे. नेटस्केप तर सगळ्यात बाहेरचं टेबल बंद होईपर्यंत ते टेबल काढायचाच नाही, आणि तेव्हा अख्खी साइटच एका टेबलात असायची. म्हणजे फ्लश म्हणजे 'पोचवलं' नाही, 'माझ्या हातातून सोडलं' एवढंच. नाव ठेवणाऱ्याने तेव्हाच जरा विचार करायला हवा होता.

शिवाय एकदा २०० ओके, म्हणजे 'सगळं ठीक', असं उत्तर गेलं की गेलं, नंतर डेटाबेस कोसळला तरी ते ५०० (सर्व्हरची चूक) करता येत नाही. हे आजही तसंच आहे.

२०१० मध्ये एका मोठ्या सोशल साइटने पेजचे तुकडे केले, सांगाडा आधी आणि एकेक तुकडा तयार होईल तसा मागून, जावास्क्रिप्टने जागेवर बसवायचा. २०२२ च्या रिअ‍ॅक्ट १८ मधलं सस्पेन्सवालं (तयार नसलेला भाग मागून पाठवणारं) स्ट्रीमिंग बघा, तेच, उशिरा आलेला भाग खाली येतो आणि छोटी स्क्रिप्ट त्याला वर नेऊन बसवते. कौतुक मात्र दुसऱ्याचंच जास्त झालं.

मध्ये २०१५ ला एचटीटीपी २ ने चंक्डवर बंदीच घातली, कारण तिथे सगळं फ्रेम्समध्येच, म्हणजे छोट्या तुकड्यांतच, जातं. स्ट्रीमिंग बंद झालं असं वाटलेले बरेच भेटले, तसं काही नाही.

आता एआय चॅटमुळे शब्द-शब्द येताना सगळ्यांनाच बघायचंय. लोकल मशीनवर मस्त चालतं, प्रॉडक्शनला (खऱ्या सर्व्हरवर) गेलं की अख्खं उत्तर एकदम धपकन येतं. तेव्हा आधी मध्ये बसलेल्या एनजिनएक्स सर्व्हरचं प्रॉक्सी बफरिंग (मागून आलेलं उत्तर साठवून मग पुढे देणं) बघा, ते डिफॉल्टने चालू असतं.