चालायला लागलं अन् झोप उडाली : वर्षाच्या लेकरात नेमकं काय चालू असतं

पहिला वाढदिवस उरकला, फुगे फुटले, पाहुणे आपापल्या गावाला गेले की थोड्याच दिवसांत आई-बापांच्या तक्रारी सुरू होतात, आणि परभणी असो की लातूर, तक्रारी सगळीकडं त्याच. कालपर्यंत गपगुमान वरण-भात खाणारं लेकरू चमचा दिसला की मान फिरवायलंय, रात्री उठून बसायलंय, आई बाथरूमला गेली तरी दारावर थापा मारून रडायलंय. शेजारच्या आजी म्हणतात नजर लागली, मीठ-मोहरी उतरवून टाका. सासूबाई म्हणतात दात येत असतील. डॉक्टर वजन बघतात, कान-घसा तपासतात आणि म्हणतात काही नाही, सगळं बरोबर आहे, आणि आपण दवाखान्याच्या बाहेर येऊन एकमेकांना विचारतो, बरोबर आहे तर मग असं कामून करायलंय?

दातांवर ढकलणं सोपं असतं, कारण या वयात कुठला ना कुठला दात येतच असतो. दातामुळं लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, थोडी चिडचिड होते, हे खरंय. पण १०२-१०३ ताप दातामुळं येत नाही, तो आला तर दुसरं काहीतरी आहे असं समजून दवाखाना गाठायचा.

बाकीच्या तक्रारींचं मात्र वेगळं आहे. ज्या आठवड्यात लेकरू सगळ्यात जास्त छळतं त्याच आठवड्यात बहुतेक वेळा त्यानं काहीतरी नवीन केलेलं असतं, सोफा सोडून दोन पावलं टाकलेली असतात, फॅन कुठंय म्हटलं की वर बघितलेलं असतं, टाटा केलेला असतो. आपण एकीकडं व्हिडीओ काढून गावाकडं पाठवतो आणि दुसरीकडं कपाळाला हात लावतो. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं अशा गोष्टी वाचायचा नाद आहे, आणि जेवढं वाचलं त्यावरून माझं मत असं झालंय की हे दोन वेगळे प्रकार नाहीतच. नवीन काही यायला लागलं की जुनी बसलेली घडी विस्कटते.

चालण्याचंच घ्या. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ यांनी अनेक वर्षं लेकरांच्या चालण्याचाच अभ्यास केलाय. २०१२ साली त्यांच्या टीमनं १२ ते १९ महिन्यांची लेकरं मोकळी खेळताना मोजली, तर ती तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती, सुमारे ७०० मीटर अंतर कापत होती आणि तासाला १७ वेळा पडत होती. सतरा वेळा, एका तासात! मोठ्या माणसानं दुसऱ्या दिवशी चालायचा विचारच सोडून दिला असता. आणि ही पोरं काही सरळ रेषेत कुठं पोचायला चालत नाहीत, थोडं चाललं, थांबलं, वळलं, परत आलं, उगाच एका कोपऱ्यात जाऊन आलं, असंच चालू असतं. म्हणजे दिवसभर नुसतं फिरायलंय, काही करत नाही असं आपण म्हणतो तेव्हा ते प्रॅक्टिस करत असतं.

त्यांचा दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. उतार कमी-जास्त करता येईल अशा फळीवर रांगणारी लेकरं सोडली. सुरुवातीला सगळी बिनधास्त खाली झेपावायची (खाली धरायला माणूस उभा असायचा), मग काही आठवडे रांगून झाल्यावर शहाणी झाली, जास्त उतार दिसला की थांबायची, हात लावून बघायची, उलटी होऊन सरकायची. पुढं तीच लेकरं चालायला लागली आणि काय झालं, तर त्याच उतारावरून परत धडाधड खाली. रांगताना कमावलेली अक्कल चालताना कामाला आलीच नाही. तेच लेकरू त्याच उतारावर रांगायच्या पोझमध्ये ठेवलं तर थांबायचं, उभं केलं की निघालंच. कारण "इथं पडायला होतं" एवढं एकच वाक्य शिकायचं नसतं, माझं हे शरीर या पोझमध्ये किती झुकलं तर तोल जातो हे शिकायचं असतं, आणि उभं राहिल्यावर तो सगळा हिशोब बदलतो. आमच्या ओट्याला दोन पायऱ्या आहेत, त्यावरून आमची पोरगी रांगत असताना व्यवस्थित पाठमोरी होऊन उतरायची, चालायला लागल्यावर तिथंच हवेत पाय टाकायला लागली. घरातले म्हणाले, विसरली की काय. विसरलेली नसते, नव्यानं शिकायलेली असते.

कोणाचं लेकरू कधी चाललं यावरून आपल्याकडं लग्नकार्यात फार तुलना चालते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली निरोगी मुलं बघून जे काढलं त्यात एकट्यानं चालण्याचं वय सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं आहे. तेव्हा जावेचं पोरगं दहाव्या महिन्यात पळायलंय आणि आपलं चौदाव्यात अजून भिंत धरून आहे, तर दोघंही ठीक. लवकर चालावं म्हणून बसवायचा गोल वॉकर आणायची तर अजिबात गरज नाही, त्यात बसून लेकरू बोटांच्या टोकावर ढकलत राहतं, पायऱ्यांवरून गडगडतं, हात नको तिथं पोचतो, आणि चालणं काही लवकर येत नाही. कॅनडानं २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदीच घातलीय. आपला जुना लाकडी पांगुळगाडा त्या मानानं बरा, त्यात लेकरू स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलत असतं, फक्त पायऱ्यांपासून लांब अन् कोणीतरी सोबत पाहिजे.

इथं एक गोष्ट जरा जोरात सांगावी वाटते, कारण ती आपल्या भागाची आहे. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. मराठवाड्यात उन्हाळ्यात नळाला कधी पाणी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून घराघरांत टिपाड, ड्रम, बादल्या, घंगाळं भरून ठेवलेली असतात, आणि नेमक्या त्याच उंचीचं लेकरू घरात चालायला लागलेलं असतं. जन्मताना डोकं उंचीच्या साधारण एक चतुर्थांश असतं, वर्षाला एक पंचमांशाच्या आसपास, मोठ्या माणसात साडेसात-आठव्या हिश्शाला येतं. म्हणजे वर्षाच्या लेकराचा भार वर असतो. बादलीत वाकून बघताना डोकं खाली गेलं की त्याला स्वतःला मागं ओढता येत नाही, बादली जड असल्यानं कलंडतही नाही, आणि ओरडायला तोंडच पाण्याबाहेर नसतं, त्यामुळं शेजारच्या खोलीत आवाज येत नाही. चार-पाच सेंटिमीटर पाणीसुद्धा पुरतं. टिपाडाला घट्ट झाकण, बादली एकतर रिकामी नाहीतर बाथरूमचं दार बाहेरून कडी लावून. बाकी कशात ढील दिली तरी चालेल, यात नको.

पडलेलं लेकरू लगेच रडत नाही हे बघितलंय का? ते आधी आपल्याकडं बघतं. आपण "अगं बाई गं, पडलं!" म्हणून धावलो की भोंगा सुरू, आणि "मुंगी मेली बघ, मुंगी मेली" म्हटलं की बऱ्याच वेळा उठून चालू पडतं. यावर १९८५ साली जेम्स सॉर्स आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आहे. काचेचं टेबल, काचेखाली चौकटीची नक्षी, अर्ध्यात ती नक्षी एकदम खाली गेलेली, त्यामुळं पुढं खड्डा आहे असं वाटतं. हे टेबल मूळ कॉर्नेल विद्यापीठातल्या एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांचं, साल १९६०. सॉर्स यांनी खड्डा साधारण ३० सेंटिमीटरचाच ठेवला, म्हणजे लेकराला जावं की नको असा प्रश्न पडेल एवढाच, आणि पलीकडं आईला उभं केलं. आईनं बोलायचं नाही, फक्त चेहरा करायचा. हसऱ्या चेहऱ्याच्या आयांची १९ पैकी १४ लेकरं काच ओलांडून गेली. घाबरलेल्या चेहऱ्याच्या आयांची १७ पैकी एकही गेलं नाही. ही लेकरं सगळी वर्षाची होती. तेव्हा मुंगीची युक्ती शोधणारी आजी काही कमी हुशार नव्हती. अर्थात खरंच जोरात लागलंय तिथं मुंगी मारत बसायचं नाही, उचलून घ्यायचं.

झोपेचं थोडक्यात सांगते. एक ते दोन वर्षांच्या लेकराला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते. पण शरीर नवीन काही शिकायला लागलं की रात्र बिघडते. इस्राएलमधल्या हैफा विद्यापीठातल्या अनात शेर यांनी रांगायला लागायच्या काळात रात्रीचं उठणं वाढतं असं दाखवलंय, आणि चालायच्या वेळी काय होतं हे मराठवाड्यातली कुठलीही आई सांगेल, मध्यरात्री दोनला डोळे मिटलेले आणि लेकरू पलंगाचा कठडा धरून उभं. त्यात मे महिना असेल, पारा ४२-४३ वर, लाईट गेलेली, कूलर बंद, तर मग विज्ञानाला दोष देऊन उपयोग नाही.

खाण्यावरून मात्र घरात सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून आकडे बघू. जन्माला तीन किलोच्या आसपास असलेलं लेकरू वर्षाला साधारण नऊ किलोचं होतं, म्हणजे बारा महिन्यांत सहा किलो. पुढच्या बारा महिन्यांत ते जेमतेम अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग निम्म्याहून कमी झाल्यावर भूकही तशी कमी होणारच, पण आपण बाराव्या महिन्यापर्यंत जेवढी वाटी संपत होती तेवढीच पुढंही संपली पाहिजे म्हणून हातात मोबाईल देऊन कोंबत बसतो. १९९१ मध्ये लीन बर्च यांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं प्रत्येक जेवण मोजलं, तर एकेका जेवणात फार चढ-उतार होता पण दिवसभराची बेरीज फारशी हलत नव्हती, सकाळी कमी खाल्लं की पोरं पुढं भरून काढत होती. ती पोरं थोडी मोठी होती, पण छोट्यांचंही उदाहरण आहे. अमेरिकेतल्या डॉक्टर क्लारा डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात नुकतंच दूध सुटायला लागलेल्या बाळांसमोर वेगवेगळे साधे पदार्थ ठेवले आणि काय, किती ते त्यांचं त्यांना ठरवू दिलं. एकाच वेळच्या जेवणात काय वाट्टेल ते चालायचं, पण पोरं छान वाढली. यातली मेख अशी की समोर ठेवलेलं सगळंच पौष्टिक होतं. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आणि कुरकुरीत पाकिटं त्या ताटात नव्हती. आपल्या घरात ती असतात, आणि भाकरी काल्यात कुस्करून दिली तरी मान फिरवणारं लेकरू पुड्याचा आवाज ओळखतं.

आणि "काही खात नाही पण दूध पितं" यावर समाधान मानू नका. दुधात लोह जवळजवळ नसतंच, दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढं दूध गेलं की पोट भरतं आणि बाकीचं राहतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या आपल्या देशातल्या ६७ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. वरणात मेथी-पालक घोटून टाका, वर लिंबू पिळा, अंडं चालत असेल तर द्या. शेंगदाणे कुटून भाजीत, चटणीत ठीक, आख्खा दाणा किंवा फुटाणा हातात नको, मागच्या दाढा आता कुठं यायला लागलेल्या असतात आणि तो दाणा श्वासनळीत बरोबर बसतो. सीताफळाच्या दिवसांत बिया आपणच काढून द्यायच्या.

दारावर थापा मारून रडण्यामागं काय आहे ते बघायला घरच्या घरी एक खेळ करता येतो. दोन वाट्या पालथ्या घाला, लेकराच्या देखत एकीखाली खेळणं लपवा, त्याला काढू द्या, असं दोन-तीनदा, मग त्याच्या डोळ्यांसमोर दुसरीखाली लपवा. आठ-नऊ महिन्यांचं बाळ परत पहिल्याच वाटीला हात घालतं, बघितलेलं असूनसुद्धा. ही चूक पहिल्यांदा स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी नोंदवली, आणि अडेल डायमंड यांनी पुढं दाखवलं की लपवणं आणि शोधणं यात किती वेळ गेला यावर ती अवलंबून असते, साडेसात महिन्यांच्या बाळाला दोन सेकंदही जड जातात, वर्षाचं लेकरू दहा सेकंदांपर्यंत टिकतं. कपाळामागचा मेंदूचा भाग हळूहळू कामाला लागायलेला असतो. आता त्याला न दिसणारी गोष्ट डोक्यात धरता येते, म्हणजे आई दाराआड गेली तरी आई आहे हे माहीत आहे, पण ती किती वेळानं येणार हे काही केल्या कळत नाही. रडं इथून येतं. दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान हे सगळ्यात जास्त असतं. गुपचूप मागच्या दारानं सटकायची आपल्याकडं पद्धत आहे ना, ती मला पटत नाही, त्यानं लेकरू दिवसभर दार बघत बसतं. सांगून जा, रडू द्या, येऊन भेटा.

बोलायचं म्हणाल तर वर्षाला दोन-चार शब्द येतात, समजतात मात्र पन्नासच्या आसपास. गाय हम्मा, बकरी हम्मा, शेजारच्यांचं कुत्रंही हम्मा, हे अगदी नॉर्मल. शब्दांपेक्षा बोटाकडं लक्ष द्या. लेकरू बोट दाखवून पाणी मागतं ते एक, आणि नुसतं "बघ, ट्रॅक्टर" म्हणून ट्रॅक्टरकडं बोट करून तुमच्या तोंडाकडं बघतं ते दुसरं, आणि हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण त्याला काही नको असतं, तुम्हीही ते बघावं एवढंच पाहिजे असतं. दीड वर्षापर्यंत असं बोट दाखवत नसेल, नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, चालायचं नाव नसेल किंवा आलेली गोष्ट हातची जायला लागली असेल, तर "याचा बापही उशिरा बोलला होता" म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, फुकट असतं, तारीख अंगणवाडी ताईंना विचारून ठेवा, आणि तेवढं थांबायचं नसेल तर जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या डॉक्टरांना थेट दाखवा.