रसाखाली अडकलेला थेंब

तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला की तो लगेच उडून जात नाही. वाफेच्या पातळ गादीवर इकडून तिकडे नाचत राहतो. तोच थेंब कढईतल्या कडकडीत तेलात पडला तर तेलाखाली जातो आणि तेलासकट वर उसळतो. ओतशाळेतल्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यातल्या, बहुतेक स्फोटांचं मूळ या दोन थेंबांमधल्या फरकात आहे. रसाच्या, म्हणजे वितळलेल्या धातूच्या, पृष्ठभागावर सांडलेलं पाणी बहुधा चरचरून जातं (म्हणून ते मुद्दाम सांडू नये). रसाखाली दबलेलं पाणी मात्र वाफ होऊन सुटायला वाट शोधतं, आणि वाट म्हणजे वरचा रसच.

आकडे पाहिले की अंदाज येतो. बिडाचा रस 1,400 अंशांच्या आसपास ओततात. त्या तापमानाला 1 मिलिलिटर पाण्याची वाफ साडेसात लिटर जागा मागते. चहाचा चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर, घेतला तर साधारण 38 लिटर, आणि तेही क्षणार्धात. रसाचे बारीक कण होऊन विखुरले की त्यांचं उष्णता देणारं क्षेत्रफळ एकदम वाढतं, त्यामुळे उरलेलं पाणीही त्याच क्षणी फुटतं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा तळोज्यात ओतशाळा चालवणाऱ्याला हे पाणी कुठून येतं ते वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. छपराबाहेर रचलेल्या भंगारात पावसाचं पाणी साचतं. गंजाचा थर ओल धरून ठेवतो. रात्रभर थंड झालेल्या लोखंडी साच्यावर सकाळी घाम येतो, तो डोळ्यांना दिसतोच असं नाही. दिवसअखेर लेडलमध्ये, म्हणजे रस वाहून नेण्याच्या भांड्यात, उरलेला रस अशाच साच्यात रिकामा करताना अपघात होतात. साचे आधी पाण्याच्या उकळबिंदूच्या चांगले वर, 150 अंशांपर्यंत तापवून त्यांवर कोटिंग लावावं. गंजके, तडे गेलेले साचे सरळ भंगारात टाकावेत.

भंगाराचं दुखणं वेगळं. शॉकॲबसॉर्बर, दोन्ही टोकं बंद असलेला पाइप, छोटा गॅस सिलिंडर, स्प्रेचा डबा: आत पाणी, तेल किंवा वायू कोंडलेला असतो. असा तुकडा बुडाला की भट्टीच तोफ होते. म्हणून चार्जिंगआधी, म्हणजे भट्टीत माल भरण्याआधी, कुणीतरी हाताने निवडावं, पोकळ वस्तू कापून किंवा भोक पाडून घ्याव्यात आणि माल छपराखाली सुकवावा. रिकाम्या, गरम भट्टीत पहिला थर पडताना धोका कमी, कारण तिथे पाणी वाफ होऊन निघून जातं. रस तयार झाल्यावर ओला तुकडा टाकणं सगळ्यात वाईट. स्लॅग (रसावर तरंगणारी मळी) काढायची सळई आणि नमुना घ्यायचा चमचाही आधी भट्टीच्या तोंडाशी तापवावा. आतलं उष्णता सोसणारं अस्तर नवं केलेली लेडल वरून कोरडी दिसली तरी आत पाणी असतं. तिला मंद आचेवर तासन्‌तास सुकवून मगच लाल करावं.

इंडक्शन भट्टीत, म्हणजे भोवतीच्या कॉइलमधल्या विजेने धातू वितळवणाऱ्या भट्टीत, धोका उलट्या बाजूनेही येतो. तांब्याच्या कॉइलमधून पाणी फिरत असतं आणि रस व पाणी यांमध्ये फक्त अस्तराची भिंत असते. वरचं भंगार एकमेकांत अडकून गोठलं, म्हणजे ब्रिजिंग झालं, की खालचा रस प्रमाणाबाहेर तापून अस्तर खाऊ लागतो. वीज खर्च होते पण माल खाली बसत नाही, ही खूण. तेव्हा सळईने टोचत बसू नये. वीज बंद करावी, सगळ्यांना लांब करावं, मग भट्टी वाकवून रस त्या गोठलेल्या थराला टेकवावा आणि वितळून भोक पडू द्यावं. अर्थ लीकेज, म्हणजे वीज जमिनीकडे गळत असल्याचं, दाखवणारा दिवा लागला तर 'सेन्सर बिघडला असेल' म्हणून तो बायपास करणं हा गुन्हाच समजावा. वीज गेली तरी अस्तरातली उष्णता कॉइलकडे येतच राहते, म्हणून उंचावरच्या टाकीतून आपोआप येणारं पाणी हवं.

भट्टी फुटलीच तर रस जायला खड्डा लागतो. अर्धा टन बिडाचा रस जेमतेम 70 लिटर भरतो, म्हणजे 20 लिटरचे साडेतीन जार. तेव्हा आकारापेक्षा कोरडेपणा अवघड. खाडीलगतच्या जमिनीत पावसाळ्यात खड्ड्याला पाझर फुटतो, म्हणून तो रोज बघावा. फरशीवरही कोरड्या वाळूचा थर असावा, कारण काँक्रीटमधली ओलही फुटते.

ॲल्युमिनिअम फसवं असतं. ते 660 अंशांना वितळतं, पण उजेडात लाल दिसत नाही, चांदीसारखं थंडगार भासतं. शिवाय पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, आणि गंजाशीही ते झगडतं. त्याच्या रसावर पाणी मारू नये, आगीला कोरडी वाळू वापरावी.

कपड्यांत नायलॉन-पॉलिएस्टर नको, ते वितळून कातडीला चिकटतं. पँट बुटाच्या बाहेर असावी, आत खोचू नये. लेस नसलेले, झटकन निघणारे चामडी बूट घालावेत. पावसाळ्यात घातलेला रुंद तोंडाचा गमबूट सर्वांत घातक, कारण रस आत पडला की तिथेच राहतो. चष्म्यावरून चेहऱ्याची ढाल हवीच.

भाजलं तर माणसाला आधी रसापासून लांब न्यावं आणि जागेवर वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरावं. म्हणूनच शॉवर भट्टीपाशी नसून दाराबाहेर असावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद नको. अंगठी, घड्याळ, पट्टा सूज येण्याआधी काढावेत, पण चिकटलेलं कापड किंवा धातू ओढू नये. स्वच्छ कापडाने झाकून 108 ला फोन करावा. भाजलेल्यांवर उपचार करणारं नॅशनल बर्न्स सेंटर ऐरोलीत आहे. त्याचा फोन नंबर शॉवरशेजारी रंगवलेला असावा.