जावास्क्रिप्टमधला छोटा डेटाबेस: इथवर कसा आला, आणि आपल्याकडं तो का लागतोय

खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडं जून लागला की लाईट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नसतोय, पण दूध डेअरीची वेळ काय कुणासाठी थांबत नाही, सकाळी लोक कॅन घेऊन रांगेत असतातच. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) एवढ्या तीन आकड्यांची नोंद आणि हातात पावती, बास. तिथं ॲप सर्व्हर शोधत गोल गोल फिरत बसलं तर ऑपरेटर सरळ वही काढतोय, आणि बरोबरच करतोय. म्हणून बेळगावात शिकून इथल्याच सोसायट्या, डेअऱ्यांसाठी जावास्क्रिप्ट ह्या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेत ॲप करणाऱ्या पोरांना माझं सांगणं एकच हाय: नोंद आधी समोरच्या मशीनवर पक्की झाली पाहिजे, सर्व्हरचं नंतर बघू. आता एवढी साधी गोष्ट ब्राउझरमध्ये इतकी किचकट का, ते कळायला जरा मागं जायला लागतंय.

सुरुवात ब्राउझरमध्ये नाही तर जहाजावर झाली. २००० च्या आसपास रिचर्ड हिप नावाचे प्रोग्रामर अमेरिकन नौदलाच्या युद्धनौकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते, जहाजाला मार लागला तर कुठले व्हॉल्व बंद करायचे ते सांगणारं. त्याचा डेटा इन्फॉर्मिक्स नावाच्या डेटाबेस सर्व्हरवर होता, तो सर्व्हर बंद पडला की ह्यांचं ॲप पण बंद, आणि स्क्रीनवर एरर ह्यांच्या ॲपची दिसायची म्हणून बोलणी पण ह्यांनाच. तेव्हा त्यांनी विचार केला की मधे सर्व्हर पाहिजेच कशाला, डिस्कवरच्या फाइलीतनं सरळ वाचू की. त्यातनं एसक्यूलाइट नावाचं छोटं डेटाबेस सॉफ्टवेअर आलं. एक फाइल, वेगळा सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, आणि कोड पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे कुणीबी घ्यावा. आज जवळपास प्रत्येक फोनमध्ये ते हाय.

ब्राउझरकडं मात्र बरीच वर्षं नुसत्या कुकीज होत्या, म्हणजे साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या चिठ्ठ्या, १९९४ पासनं. एका कुकीत साधारण ४ केबी मावणार आणि ती प्रत्येक रिक्वेस्टबरोबर सर्व्हरकडं जाणार, त्यात हिशेब काय ठेवणार. पुढं लोकलस्टोरेज नावाची ब्राउझरमधली जागा आली, साधारण ५ एमबी, पण नुसती स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, ठेवता येते आणि वाचताना-लिहिताना पान तेवढा वेळ अडकून राहतंय. थीम कुठली, भाषा कुठली हे ठेवायला चांगलं, वर्षभराच्या नोंदींना नाही.

खरी कलाटणी २००७ ची. गूगल गिअर्स नावाचं प्लगइन आलं, त्यात चक्क एसक्यूलाइट होतं, आणि ब्राउझरमध्ये एसक्यूएल ह्या डेटाबेसच्या भाषेतलं सिलेक्ट (नोंद काढणं), इन्सर्ट (नोंद घालणं) चालायला लागलं. मग तेच प्लगइनशिवाय ब्राउझरमध्येच देणारं वेब एसक्यूएल आलं, सफारीनं घेतलं, क्रोमनं घेतलं. आणि इथं गाडी अडली. वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचा नियम असा की स्टँडर्ड व्हायला एकमेकांपासनं स्वतंत्र असे वेगवेगळे इम्प्लिमेंटेशन, म्हणजे ते प्रत्यक्ष चालवणारे प्रोग्राम, पाहिजेत, आणि इथं तर सगळ्यांनी आत एसक्यूलाइटच घातलेलं. फायरफॉक्सवाल्या मोझिलाचा पण विरोध होता. शेवटी १८ नोव्हेंबर २०१० ला त्या स्पेसिफिकेशनचं काम थांबवलं. नियम म्हणून त्यांचं चूक नव्हतं, एकाच प्रोग्रामच्या वागण्यालाच स्टँडर्ड म्हणायचं हे धोक्याचंच, पण त्याची किंमत आपल्यासारख्या ॲप करणाऱ्यांनी पुढं दहा-बारा वर्षं मोजली असं माझं स्पष्ट मत हाय.

कारण त्याच्या जागी आलं इंडेक्स्डडीबी, ब्राउझरमधलाच पण एसक्यूएल नसलेला डेटाबेस, २०१५ च्या जानेवारीत ते अधिकृत स्टँडर्ड झालं. दुधाची एक नोंद घालायची म्हटली तर आधी ओपन रिक्वेस्ट करा, व्हर्जन नंबर द्या, अपग्रेडच्या इव्हेंटमध्ये ऑब्जेक्ट स्टोअर (नोंदींचा कप्पा) तयार करा, मग ट्रान्झॅक्शन (झालं तर पुरं, नाहीतर काहीच नाही असं काम) उघडा, त्यातनं स्टोअर घ्या, त्यात ॲड करा, सक्सेसला एक फंक्शन, एररला एक फंक्शन, आणि मधे एखाद्या फेचची, म्हणजे सर्व्हरकडनं काही आणायची, वाट बघत बसलात तर ट्रान्झॅक्शन आपोआप संपून जातंय. एसक्यूएलमध्ये ही एक ओळ होती. ताकद हाय त्यात, नाही कोण म्हणतोय, पण म्हणूनच तर त्याच्यावर डेक्सी, पाउचडीबी असल्या, काम सोपं करणाऱ्या तयार कोडच्या लायब्रऱ्या आल्या, आणि नवीन पोरांनी सरळ डेक्सीनंच सुरुवात करावी.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सभासदांची नावं काही देवनागरीत, काही कन्नडमध्ये टाइप झालेली असतात, आणि इंडेक्स्डडीबी काय, एसक्यूलाइट काय, स्वतःहून अक्षरांच्या युनिकोड नंबरानंच (कॉम्प्युटरनं प्रत्येक अक्षराला दिलेला नंबर) क्रम लावतात, त्यामुळं यादीत आधी सगळी मराठी नावं आणि मग सगळी कन्नड. गावात एकाच गल्लीतली माणसं अशी दोन टोकांना दिसली की लोक विचारणारच. सभासद नंबरावर क्रम लावा, भांडण मिटलं.

नोडच्या, म्हणजे ब्राउझरशिवाय थेट कॉम्प्युटरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या, बाजूला वेगळीच कथा. तिथं एनईडीबी, लोडीबी, लोकीजेएस असे हलके डेटाबेस आले, इन्स्टॉल करायला सोपे, मोंगो ह्या डेटाबेससारखं किंवा साध्या ऑब्जेक्टसारखं वापरायचं. छोट्या कामाला झकास. पण कुणी साधी जेसन फाइल (कंसात डेटा लिहिलेली मजकुराची फाइल) दरवेळी पुरी लिहून काढत असेल आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली तर फाइल अर्धीच राहणार, कंस उघडा, आणि मग सगळाच महिना वाचता येत नाही. एसक्यूलाइट जर्नल, म्हणजे बदलांची वेगळी नोंद, ठेवतंय, अर्धवट राहिलेलं काम पुढच्या वेळी उघडताना मागं फिरवतंय. बेटर-एसक्यूलाइट३ ह्या लायब्ररीनं ते नोडमध्ये सोपं केलं, फक्त विंडोजवर तयार बायनरी (चालायला तयार फाइल) मिळाली नाही की ती स्वतः बनवायला कंपायलर आणि पायथनच्या मागं लागायचं. २०२४ च्या जुलैत नोड २२.५ मध्ये एसक्यूलाइट आतच आलं, तेव्हापासनं ती कटकट पण जायला लागली.

आणि ब्राउझरमध्ये पण ते परत आलंच. आधी एसक्यूलाइटचा सी भाषेतला कोड जावास्क्रिप्टमध्ये कंपाइल करून एसक्यूएल.जेएस, मग वेबअसेंब्ली (असला कोड ब्राउझरमध्ये वेगानं चालवायची सोय), आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासनं एसक्यूलाइटवाल्यांचीच अधिकृत वेबअसेंब्ली आवृत्ती. ओपीएफएस म्हणून ब्राउझरनं दिलेली खाजगी फाइल जागा हाय, त्यात ते कायमचं लिहून ठेवतंय. २०२३ मध्ये क्रोमनं वेब एसक्यूएल काढून टाकायला घेतलं तेव्हा पर्याय म्हणून हेच पुढं केलं.

तरी ब्राउझरमधलं काहीबी कायमचं धरू नका. डिस्क भरली की ब्राउझर जागा मोकळी करतोय, आणि २०२० पासनं सफारीत तर ब्राउझर वापरला पण तुमची साइट सात दिवस हाताळली नाही तर तिचा साठा उडतोय, होम स्क्रीनवर ॲप टाकलं असेल तर वाचतंय. म्हणून ब्राउझरकडं पर्सिस्टची, म्हणजे साठा न उडवायची, परवानगी मागा आणि रोज फाइल एक्स्पोर्टचं बटन द्या.

राहिला सिंकचा, म्हणजे दोन मशीनवरच्या नोंदी जुळवायचा, प्रश्न, डेअरीतल्या कॉम्प्युटरवर आणि सेक्रेटरींच्या फोनवर एकच नोंद दोघांनी बदलली तर खरी कुठली. पाउचडीबी त्यातली एक निवडतंय आणि दुसरी पण बाजूला जपून ठेवतंय, पण शेवटचा निर्णय तुम्हालाच करायला लागतोय. दुधाच्या हिशेबात मी तरी जुनी ओळ बदलूच देत नाही, चुकलं तर दुरुस्तीची वेगळी ओळ, कुठल्या मशीनवरनं आणि किती वाजता हे सगळं लिहून, आणि तिचा आयडी पण तिथल्या तिथं मशीनवरच तयार करायचा, सर्व्हरकडनं नंबर येईल म्हणून थांबायचं नाही.