नायजर डेल्टातल्या नियमांची यादी कुठून आली: परदेशी तेलकामगारांच्या सुरक्षिततेची पार्श्वभूमी

नायजेरियाच्या नायजर डेल्टात कामाला जाणाऱ्या परदेशी माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी नियमांची यादी पडते. गाडी स्वतः चालवायची नाही. विमानतळावरून पोलिसांच्या सोबतीशिवाय निघायचं नाही. अंधार पडायच्या आत कंपाउंडमध्ये परतायचं. बायकामुलांना आणायचं नाही. मलेरियाची गोळी चुकवायची नाही. नवख्याला ही यादी एखाद्या घाबरट माणसाने लिहिल्यासारखी वाटते. पण यातल्या बहुतेक नियमांमागे एखादं वर्ष आणि एखादी घटना उभी आहे. धोका सत्तर वर्षांत कमी झाला असं म्हणवत नाही. तो जागा बदलत गेला आणि नियम त्याच्या मागून धावत राहिले.

डेल्टात विक्रीयोग्य तेल पहिल्यांदा सापडलं ते १९५६ साली, ओलोइबिरी या गावाजवळ, शेल-बीपीला. १९५८ साली पहिलं जहाज भरून गेलं. पुढची काही वर्षं पोर्ट हारकोर्ट आणि वारी इथल्या कंपनी वसाहतींत परदेशी कुटुंबं बंगले, शाळा, दवाखाना आणि क्लब अशा सरंजामात राहिली. भिंत होती, पण ती चोरांसाठी.

पहिला मोठा धक्का यादवी युद्धात बसला. मे १९६९ मध्ये नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या सैनिकांनी क्वालेजवळ इटालियन तेल कंपनीच्या तळावर हल्ला केला. अकरा कामगार ठार झाले आणि अठरा पकडले गेले. त्या अठरा जणांना फाशीची शिक्षाही सुनावली गेली. पोपसह अनेकांनी मध्यस्थी केल्यावर जूनमध्ये ते सुटले. परदेशी तेलकामगाराचा जीव हे वाटाघाटीचं चलन होऊ शकतं, हे डेल्टाने तेव्हाच पाहिलं होतं. युद्ध १९७० साली संपलं, तेलाचे भाव चढले आणि ही गोष्ट मागे पडली.

ती परत वर आली ती गावांमधून. तेल ज्यांच्या जमिनीखालून निघत होतं, त्यांच्या खाडीत तेलाचा तवंग आणि डोक्यावर रात्रंदिवस जळणारा गॅस होता. १९९० साली ओगोनी लोकांची चळवळ उभी राहिली. १९९३ साली शेलला ओगोनीलँडमधून निघावं लागलं आणि १० नोव्हेंबर १९९५ रोजी चळवळीचे नेते केन सारो-विवा यांच्यासह नऊ जणांना लष्करी राजवटीने पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात फाशी दिली. ही चळवळ अहिंसक होती. तिचं काय झालं ते पुढच्या पिढीने पाहिलं. डिसेंबर १९९८ मध्ये डेल्टातल्याच इजॉ जमातीच्या तरुणांनी कायामा इथे जाहीरनामा काढून तेल कंपन्यांना आपल्या भूमीतून निघून जायला सांगितलं.

त्या काळात गावातली पोरं फ्लोस्टेशनवर, म्हणजे विहिरींचं तेल, गॅस आणि पाणी जिथे वेगळं करतात त्या केंद्रावर, घुसून काम बंद पाडायची. आतल्या लोकांना काही दिवस अडकवून ठेवायची. मारहाण क्वचितच व्हायची. मग बोलणी होऊन पैसे दिले जायचे, किंवा गावातल्या तरुणांना काम न करता पगार सुरू व्हायचा. कंपन्यांना हा स्वस्तातला सौदा वाटला. माझ्या मते डेल्टातली सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. अडवलं की पैसे मिळतात हा धडा कंपन्यांनीच दिला. पुढे भाव तेवढा वाढत गेला.

जानेवारी २००६ मध्ये मेंड या सशस्त्र संघटनेने किनाऱ्याजवळच्या ईए तेलक्षेत्रावरून चार परदेशी कंत्राटी कामगारांना उचललं. फेब्रुवारीत फोर्काडोसजवळच्या एका बार्जवरून नऊ जणांना नेलं. मेंडच्या मागण्या राजकीय होत्या, पण पाठोपाठ आलेल्या टोळ्यांना फक्त खंडणी हवी होती. ऑगस्ट २००६ मध्ये पोर्ट हारकोर्टच्या नाइट क्लबमधून परदेशी लोक उचलले गेले आणि संध्याकाळी बाहेर पडणं बंद झालं. जून २००७ मध्ये शहराजवळच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्याचे भारतीय कर्मचारी पळवले गेले. आपण गोरे नाही, आपल्याला कोण धरणार, हा भारतीयांमधला समज तिथे संपला. स्थानिक लोक परदेशी माणसाला ओयिबो म्हणतात आणि त्या शब्दात कातडीचा रंग फार बारकाईने पाहिला जात नाही. जुलै २००७ मध्ये शाळेत निघालेल्या तीन वर्षांच्या ब्रिटिश मुलीला गाडीतून ओढून नेलं. ती काही दिवसांत सुटली. पण त्या दोन वर्षांत कुटुंबं मायदेशी गेली, त्यातली पुष्कळशी परत आलीच नाहीत. एकट्याने चार आठवडे काम आणि चार आठवडे घरी, हे रोटेशन समुद्रावर जुनंच होतं. आता ते जमिनीवरच्या नोकरीचंही नेहमीचं रूप झालं.

कंपाउंडची आजची रचना याच काळातली आहे. बाहेर उंच भिंत आणि वर काटेरी तारेची वेटोळी. फाटकाला दोन दारं असतात आणि पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आत चोवीस तास डिझेल जनरेटर, कारण सरकारी विजेचा भरवसा नाही. प्रत्येक बिऱ्हाडात एक मजबूत दाराची खोली असते, तिला आतून कडी, रेडिओ किंवा सॅटेलाइट फोन आणि पाण्याचे कॅन. हल्ल्याचा भोंगा वाजला की एकत्र जमायच्या ठरलेल्या जागी न जाता या खोलीत शिरायचं आणि हजेरी रेडिओवर द्यायची. आगीचा भोंगा आणि हल्ल्याचा भोंगा वेगळा असतो तो यासाठीच. आगीत सगळ्यांना मोकळ्या जागी बाहेर काढायचं असतं, तर हल्ल्यात उघड्यावर कुणीच नको असतं. दोन्ही भोंगे सारखे वाटत असतील, तर पहिल्याच आठवड्यात तक्रार करावी.

फाटकावरच्या खासगी रखवालदाराकडे बंदूक नसते. नायजेरियाच्या कायद्याने खासगी सुरक्षा कंपन्यांना शस्त्र बाळगता येत नाही. त्यामुळे सशस्त्र सोबत सरकारी माणसांचीच घ्यावी लागते, ती बहुधा मोबाइल पोलिसांची. तिथे त्यांना मोपोल म्हणतात. रस्त्यावर साधारण क्रम असा: पुढे मोपोलची गाडी, मध्ये कामगारांची, जमलं तर मागे आणखी एक सोबतीची. निघण्याआधी प्रवासाचा कागद भरायचा. त्यात मार्ग, निघायची वेळ, पोचायची वेळ, माणसांची आणि चालकाची नावं असतात. पोचल्यावर फोन करायचा. वेळ टळून ठरलेली मिनिटं गेली की कंट्रोल रूम शोध सुरू करते.

बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. एकच रस्ता, एकच वेळ, आठवडाभर. कोण कधी निघणार हे स्वयंपाक्यापासून चालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. अपहरणांत आतली खबर फुटलेली असणं नवीन नाही. दुसरी गोची म्हणजे सोबतीची गाडी सुसाट निघते आणि मागच्याला तिचा वेग गाठावा लागतो. खड्ड्यांचा रस्ता, उलट्या बाजूने येणारे टँकर, दिवे नसलेल्या ओकाडा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकली. तेलधंद्यातल्या मृत्यूंच्या कारणांत रस्ता अपघात वर्षानुवर्षे वरच्या रांगेत राहिला आहे. बातमी अपहरणाची होते. मागच्या सीटवरचा पट्टा न लावणारा माणूस बातमीत येत नाही.

जून २००८ मध्ये मेंडच्या बोटी किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटरवरच्या बोंगा या तरंगत्या उत्पादन-जहाजापर्यंत पोचल्या. खोल समुद्र सुरक्षित आहे हा हिशेब एका रात्रीत चुकला. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष उमारू यार'अदुआ यांनी माफी जाहीर केली. शस्त्रं खाली ठेवणाऱ्याला महिना ६५,००० नायरा आणि प्रशिक्षण देण्यात आलं. हल्ले झपाट्याने घटले. २०१६ साली ते पुन्हा वाढले तेव्हा रोख माणसांपेक्षा पाइपलाइनवर होता.

कंपन्यांचा ओढा मात्र खोल समुद्राकडेच राहिला. तिथे जायचं तर हेलिकॉप्टर आणि त्यासाठी पाण्याखाली बुडालेल्या हेलिकॉप्टरमधून सुटायचं प्रशिक्षण, म्हणजे ह्युएट. आपल्याकडे गोव्यात बेतुल इथे ओएनजीसीचं समुद्र-सुरक्षा प्रशिक्षण केंद्र फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं. मुंबई हायवर काम केलेल्यांना हा सराव ओळखीचा असतो. सांगाडा पाण्यात उतरवून उलटा फिरवतात. एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर. फिरणं थांबेपर्यंत आणि खिडकी ढकलून निघेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. घाईने आधी सोडला तर माणूस तरंगू लागतो, वरखाली कळत नाही आणि खिडकी ढकलायला अंगाला टेकू उरत नाही. लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं. आत फुगवलं तर ते माणसाला उलटलेल्या हेलिकॉप्टरच्या तळाला, म्हणजे आता वर आलेल्या बाजूला, दाबून धरतं.

मलेरियाचा इतिहास यापेक्षा जुना आहे, पण त्याबद्दलची शिस्त अलीकडची. पश्चिम आफ्रिकेतला मलेरिया प्रामुख्याने फाल्सिपेरम जातीचा असतो आणि तो काही दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. लहानपणी गावाकडे हिवताप झाला होता म्हणून आपल्याला काही होत नाही, ही भारतीयांची ठरलेली समजूत. असं टिकाऊ संरक्षण मिळत नसतं. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज घेतात आणि परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवतात. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर परतल्यावर सात दिवस पुरतात. कुणाला कोणती चालेल ते डॉक्टर ठरवतो. एका मोठ्या अमेरिकन कंपनीने गोळ्या घेतल्या जातात की नाही हे पाहायला कामगारांच्या लघवीची अचानक तपासणी सुरू केली, त्यावरून लोक किती टाळतात ते कळावं.

घोटाळा रोटेशनमुळे होतो. डास चावतो तिथे, ताप येतो इथे, घरी पोचल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी. घरचा डॉक्टर पावसाळ्यात डेंग्यू किंवा व्हायरल धरतो, पॅरासिटामॉल देतो आणि दोन दिवस जातात. ताप आला की पहिलं वाक्य ‘मी नायजेरियातून आलोय’ हेच हवं आणि त्याच दिवशी रक्ताची तपासणी. एक तपासणी निगेटिव्ह आली तरी ती पुन्हा करतात. पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र जुलै २०१६ पासून आजन्म चालतं, पण लस घेतल्यापासून दहाव्या दिवसाआधी ते वैध होत नाही. तिकीट आधी काढून लस नंतर घेणारे इथे अडकतात.

जमिनीवर भिंती उंच झाल्या तसा अपहरणाचा धंदा समुद्रावर सरकला आणि त्यात भारतीय खलाशी सापडले. डिसेंबर २०१९ मध्ये नायजेरियाच्या बॉनी बेटापासून दूर समुद्रात एका महाकाय टँकरवरून १९ जण नेले, त्यातले १८ भारतीय. त्याच महिन्यात टोगोच्या बाजूला दुसऱ्या टँकरवरून २० भारतीय नेले, त्यातला एक कैदेतच मेला. २०२० साली जगभरात जहाजांवरून पळवलेल्या १३५ खलाशांपैकी १३० गिनीच्या आखातातले, म्हणजे नायजेरियालगतच्या समुद्रातले होते. चाचे हूक असलेली शिडी कठड्याला अडकवून चढतात, म्हणून माल भरून खोल बसलेलं, हळू चालणारं जहाज त्यांना सोपं. उपाय ठरलेले आहेत: कठड्याभोवती काटेरी तार, किनाऱ्यापासून दूर खोल समुद्रात थांबणं आणि इंजिनरूमजवळ एक कोंडून घ्यायची जागा. त्या जागेत सगळे आत असतील आणि बाहेरशी संपर्क चालू असेल तरच तिचा उपयोग. एक जरी माणूस बाहेर चाच्यांच्या हाती राहिला तर नौदल जहाजावर चढायला कचरतं.

पळ काढणंही कधी अंगाशी येतं. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हिरोइक इडुन’ हा टँकर अकपो तेलक्षेत्रापाशी तेल भरायला थांबला होता. रात्री ओळख न पटणारी बोट जवळ आली, चाचे समजून कप्तानाने जहाज काढलं. ती बोट नायजेरियाच्या नौदलाची निघाली. सोळा भारतीयांसह सव्वीस जण आधी इक्वेटोरियल गिनीत आणि मग नायजेरियात अडकून पडले. घरी पोचायला २०२३ चा उन्हाळा उजाडला.

आता जमिनीवरची तेलक्षेत्रं बड्या परदेशी कंपन्यांनी विकायला काढली आहेत. शेलने आपला डेल्टातला जमिनीवरचा कारभार मार्च २०२५ मध्ये नायजेरियन कंपन्यांचं वर्चस्व असलेल्या समूहाला दिला. २०१० च्या स्थानिक सहभाग कायद्यानेही परदेशी माणसांच्या जागा आधीच आवळल्या होत्या. भारतीयांची मोठी भरती वेगळ्या दिशेने झाली: लागोसजवळ लेक्की इथे नायजेरियन उद्योगपती दांगोटे यांची दिवसाला ६,५०,००० बॅरलची रिफायनरी उभारताना. इंजिनीअर्स इंडिया या सरकारी कंपनीकडे तिचं अभियांत्रिकी काम होतं आणि हजारो भारतीय फिटर, वेल्डर, पर्यवेक्षक तिथे राबले.

कागदाच्या बाजूने मात्र समुद्रावरच्या आणि जमिनीवरच्या कामगाराची स्थिती सारखी नाही. बोटीवरच्या खलाशाला चाच्यांनी धरलं, तर कैदेतल्या काळाचाही पगार मिळालाच पाहिजे, असा नियम सागरी कामगार करारात डिसेंबर २०२० पासून लागू आहे. जमिनीवरच्या कंत्राटी फिटरसाठी तसा आंतरराष्ट्रीय नियम नाही. शिवाय दहावी न झालेल्यांसाठी भारत सरकार ज्या अठरा देशांना जाण्याआधी परवानगी मागतं, त्यात लिबिया, सुदान आणि दक्षिण सुदान आहेत. नायजेरिया नाही. म्हणजे करार तपासायला विमानतळापर्यंत कुणीच मध्ये येत नाही. अपहरण झालं तर पगार चालू राहील का, आजारपणात विमानाने हलवण्याचा खर्च कुणाचा, व्हिसा परदेशी कामगारांसाठीच्या कंपनीच्या कोट्यातला आहे की पर्यटकाचा, ही तीन कलमं सही करण्याआधी एजंटकडून लेखी घ्यावी लागतात. पर्यटक व्हिसावर कामाला नेणारा एजंट असेल, तर बाकीचे कागद वाचायची गरज नाही.