काळ्या डबीतला खटका

माझ्या दाजींकडे 1998 सालची एक जपानी स्पोर्ट्स कार आहे. दोन सीटांची, बुटकी, छप्पर मागे घडी होणारी. ते नेरूळला राहतात आणि रविवारी पहाटे पाम बीच रोडवरून एक फेरी मारली की त्यांचा आठवडा सुरू होतो. या मे महिन्यात गाडीच्या एसीने विचित्र खोड धरली. सकाळी आठला निघालं तर हवा गार, अकराला परतताना गरम. पंखा जोरात चालतोय, बटणावरचा दिवा लागलाय, पण तोंडावर येतो तो इंजिनाच्या उकाड्याचा झोत. गाडी तासभर सावलीत उभी केली की पुन्हा गार.

एका गॅरेजने गॅस कमी झाला म्हणून सांगितलं. दुसऱ्याने कॉम्प्रेसरच गेला म्हणत 35,000 रुपयांचा आकडा दिला. दाजींचा मला ठाण्याला फोन आला, "तू फिजिक्स शिकवतोस ना? मग ये आणि बघ." मी मल्टिमीटर पिशवीत टाकला आणि ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली.

गाडीच्या एसीत थंडावा आणणारा वायू इंजिनाच्या जोरावर फिरतो. इंजिनाच्या पट्ट्यावर कॉम्प्रेसरची, म्हणजे तो वायू दाबून पुढे ढकलणाऱ्या पंपाची, पुली सतत फिरत असते, पण कॉम्प्रेसर सतत चालत नाही. पुली आणि कॉम्प्रेसरचा दांडा यांच्यामध्ये एक विद्युतचुंबकी क्लच असतो. त्याच्या तांब्याच्या वेटोळ्यातून वीज गेली की समोरची लोखंडी चकती ओढली जाऊन पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. बॉनेट उघडून कुणाला एसी लावायला सांगितलं, की जो 'टक्' ऐकू येतो तो या चकतीचा. आत बर्फ धरू लागला, वायूचा दाब फार वाढला किंवा फार उतरला, की वीज तोडली जाते आणि चकती सुटते. गर्दीच्या रस्त्यावर ही टकटक मिनिटाला दोन-तीनदासुद्धा होते.

गॅसचा संशय आधी फेडून घेतला. त्या काळच्या गाड्यांत आर-134ए हा वायू असतो. एसी बंद असताना नळ्यांमध्ये त्याचा थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तर दाब फक्त तापमानावर ठरतो. 30 अंशांना तो साधारण 97 पीएसआय (दाबाचं एकक) असतो. आमच्या दाब मोजायच्या गेजचे दोन्ही काटे तिथेच आसपास थांबले. यावरून गॅस नेमका किती आहे ते समजत नाही, पण गाडी रिकामी नाही एवढं नक्की. न तपासता गॅस सोडून नवा भरण्याची पद्धत मला मनापासून खुपते. या वायूचा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो सुमारे 1,400 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो.

मग इंजिन चालू ठेवून, गाडी चांगली तापवून, क्लचच्या वायरवर मीटर लावला. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, क्लचवर मात्र 9.7. मधले 4.1 व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते. फ्यूज ठीक, वायर ठीक. मीटरची एक पिन रिलेच्या एका पायावर आणि दुसरी दुसऱ्या पायावर टेकवली आणि हरवलेले 4.1 व्होल्ट तिथे सापडले.

रिले म्हणजे फ्यूज बॉक्समधली काडेपेटीहून लहान, काळी, चौकोनी डबी. तिच्या पोटात दोन वेगळे मार्ग असतात. एकात बारीक तारेचं वेटोळं. त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ऐंशी-नव्वद ओहम, म्हणजे त्यातून अँपिअरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी वीज जाते. डॅशबोर्डवरचं नाजूक बटण किंवा इंजिनाचा संगणक एवढी वीज सहज हाताळतो. वेटोळ्याचं चुंबक एक पत्र्याची पट्टी ओढतं आणि दुसऱ्या मार्गावरचे दोन चांदीचे ठिपके एकमेकांना भिडतात. मेकॅनिक त्यांना 'पॉइंट' म्हणतात. क्लचची तीन-चार अँपिअर वीज या ठिपक्यांतून जाते. बहुतेक रिलेंवर पायांचे आकडे कोरलेले असतात: 85 आणि 86 वेटोळ्याचे, 30 आणि 87 पॉइंटचे.

ही कल्पना गाडीपेक्षा पुष्कळ जुनी. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीने 1835च्या सुमारास विद्युतचुंबकाने दूरचा खटका हलवून दाखवला, आणि पुढे तारायंत्राला त्याचा आधार मिळाला. लांबलचक तारेतून जाताना वीज थकते. तिच्यात घंटा वाजवायचं बळ उरत नाही, पण एक हलका खटका दाबण्यापुरतं उरतं, आणि तो खटका तिथल्या ताज्या बॅटरीची वीज पुढे सोडतो. जुन्या काळी डाकेचा स्वार दर टप्प्याला ताजा घोडा घ्यायचा, तसंच. रिले हे नावही त्या घोडे बदलण्याच्या पद्धतीवरूनच पडलं आहे.

आता दोन ओहमचा हिशेब. आमच्या तापलेल्या गाडीत क्लचच्या वेटोळ्यातून सुमारे 2.06 अँपिअर जात होते आणि पॉइंटवर 4.1 व्होल्ट पडत होते, म्हणजे पॉइंटचा रोध जवळपास 2 ओहम. चांगल्या पॉइंटवर एवढ्या विजेला व्होल्टचा दहावा भागसुद्धा पडू नये. 4.1 गुणिले 2.06 म्हणजे साडेआठ वॅट उष्णता त्या इवल्या डबीत, दोन ठिपक्यांच्या मधोमध. दाजींनी रिलेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

पण मग सकाळी एसी कसा चालत होता? तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला 0.39 टक्क्याने वाढतो. क्लचचं वेटोळं इंजिनाला खेटून असतं. 20 अंशांचं ते 100 अंशांवर गेलं की रोध जवळजवळ एक-तृतीयांशाने चढतो. आमच्या क्लचचा रोध थंड असताना 3.6 ओहम होता, तापल्यावर 4.7. आणि चुंबकाची ओढ विजेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, वीज निम्मी झाली की ओढ पाव उरते. थंड आणि निरोगी स्थितीत या क्लचला 3.8 अँपिअर मिळायला हवेत. जळक्या रिलेमुळे सकाळी 2.46 मिळायचे, म्हणजे ओढ 41 टक्के. चकती कशीबशी चिकटायची. दुपारी 2.06, ओढ 29 टक्के. अर्ध्या मिलिमीटरची फट ओलांडायला ती पुरत नव्हती. रिले सकाळीही तितकाच आजारी होता, फक्त सकाळी क्लच त्याला सांभाळून घेत होता.

खात्री करायला हॉर्नचा रिले काढला. दोन्हींवरचे आकडे आणि पायांची मांडणी एकच होती. ती जुळवून बघणं फार महत्त्वाचं, कारण दिसायला सारख्या दोन प्रकारांत 30 आणि 86 यांच्या जागा उलटसुलट असतात. हॉर्नचा रिले एसीच्या जागी बसवला. टक्! दोन मिनिटांत जाळीतून गारवा. दाजी मुलासारखे हसले. सॉकेटच्या 30 आणि 87मध्ये थेट वायर टाकूनही अशी परीक्षा करतात, पण दाबाचा रक्षक खटका रिलेच्या वेटोळ्याच्या बाजूला असतो. वायर टाकली की तो निकामी ठरतो. टाकायचीच तर फ्यूज लावलेली वायर आणि तीही दोन-चार सेकंद.

तुर्भ्याच्या एका दुकानात नवा रिले दीडशे रुपयांना मिळाला. पण माझा जीव जुन्या रिलेत अडकला होता. जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलवर कागद पसरला, डबीची कड ब्लेडने सोडवली आणि ताईचं शिवणाचं भिंग धरलं. आत काजळी धरली होती. एका पॉइंटवर खड्डा पडला होता, मोहरीचा दाणा अर्धा बुडेल एवढा. समोरच्या पॉइंटवर बरोबर त्या खड्ड्यासमोर एक टोकदार टेकडी उभी होती. एकाची चांदी वितळून, उडून, दुसऱ्यावर जाऊन बसली होती. गाडीची वीज एकाच दिशेने वाहते, म्हणून ही वाहतूकही वर्षानुवर्षं एकाच दिशेने झाली.

हे जळणं वीज जोडताना कमी आणि तोडताना जास्त होतं. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे खटका उघडताना ठिणगी पेटली तरी तिला विझायची संधी मिळते. गाडीच्या विजेला अशी विश्रांती नाही. चांदीच्या पॉइंटमध्ये विजेचा कमान-झोत, म्हणजे फटीतून सलग पेटती राहणारी ठिणगी, टिकायला किमान 12 व्होल्ट लागतात, आणि गाडीत 12 ते 14 असतात, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. नुसता दिवा असता तर फट जरा रुंदावताच झोत विझला असता. पण इथे समोर क्लचचं वेटोळं आहे, आणि वेटोळ्याला आपल्यातून वाहणारी वीज एकाएकी थांबलेली चालत नाही. खटका उघडला की त्याच्या चुंबकक्षेत्रात साठलेली ऊर्जा व्होल्टेज वर ढकलते, क्षणभर शेकडो व्होल्टांपर्यंत, आणि त्या जोरावर वीज पॉइंटच्या फटीतून उडी मारते. दर 'टक्'ला एक झोत. त्याने पॉइंट खडबडीत होतात, टेकण्याची जागा कमी होते, रोध वाढतो, उष्णता वाढते, काजळी वाढते, आणि रोध आणखी वाढतो.

हे होणार हे गाडी बनवणाऱ्यांना माहीत असतं. म्हणून क्लचच्या वेटोळ्याला समांतर एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, उलटा जोडलेला असतो. नेहमी तो गप्प. वीज तुटली की मात्र वेटोळ्यातली वीज त्या डायोडमधून गोल फिरत हळूहळू संपते आणि व्होल्टेज वर चढूच शकत नाही. क्लच सुटायला काही मिलिसेकंद उशीर होतो, पापणी लवायला लागतात त्याहूनही कमी.

मग हा रिले इतका का जळला? मी दाजींना विचारलं, "एसी लावल्यावर रेडिओत काही आवाज यायचा का?"

ते म्हणाले, "अरे, वर्षभर येतोय. मी आकाशवाणीवरची जुनी गाणी लावतो ना, मध्येच कट्ट करून खरखरतं. मला वाटलं एरियल गेलं."

ते ऐकून मी टेबलावरून उठलोच. ठिणगी पडते तिथून रेडिओलहरी निघतात. हाइनरिश हर्ट्झने 1880च्या दशकात पहिल्यांदा रेडिओलहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच. मध्यम लहरींवर वीज कडाडते तेव्हा जसं खरखरतं तसंच हे. दाजींचा रेडिओ वर्षभर सांगत होता की क्लचची प्रत्येक सुटका ठिणगी पाडते आहे, म्हणजे डायोड काम करत नाही.

या गाडीत डायोड फ्यूज बॉक्समध्येच आहे, एखाद्या छोट्या फ्यूजसारखा दिसणारा, काळा, उपटून काढता येणारा. तो जागेवर असताना मोजून उपयोग नाही. समांतर वेटोळ्याचे साडेतीन ओहमच मीटरवर दिसतात. उपटून मोजला. चांगला डायोड एका दिशेने साधारण 0.6 व्होल्ट दाखवतो आणि दुसऱ्या दिशेने काहीच नाही. याने दोन्ही दिशांनी काहीच दाखवलं नाही. आतून तुटलेला. फ्यूज उडाला तर लगेच कळतं, डायोड तुटला तर सगळं आधीसारखंच चालू राहतं, फक्त रिलेचं आयुष्य झिजू लागतं. नुसता नवा रिले बसवून मी ठाण्याला परतलो असतो, तर वर्ष-दीड वर्षात दाजींचा पुन्हा फोन आला असता, आणि रिलेच्या कंपनीला आम्ही विनाकारण नावं ठेवली असती.

जुना पॉइंट सँडपेपरने घासून चालवायची सूचनाही एका शेजाऱ्याने केली. कळकळीने केली, पण ते करू नये. चांदीचा थर पातळ असतो, तो घासला की खालचं तांबं उघडं पडतं. आणि नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट, खारट हवेत उघडं तांबं फार लवकर काळवंडतं आणि हिरवं पडतं. खाडीच्या चिखलाचा ओहोटीला जो वास येतो त्यात गंधकाचा वायू असतो, तो तर चांदीलाही काळं करतो. इथल्या बायकांना पैंजण वारंवार का घासावे लागतात ते त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी लॅमिंग्टन रोडवरून तीन अँपिअरचा डायोड घेऊन गेलो. जुन्या डायोडच्या प्लगची टोपी उघडून त्याच्या पितळी पायांना नवा डायोड झाळला. डायोडवर छापलेली पट्टी असलेलं टोक क्लचच्या पॉझिटिव्ह बाजूला. उलटं झालं तर एसी लावताक्षणी डायोडमधून थेट शॉर्ट होऊन फ्यूज उडतो, म्हणून बसवण्याआधी दाजींनी दोनदा आणि ताईने एकदा पट्टी तपासली.

इंजिन गरम करून पुन्हा मोजलं. रिलेच्या पायांवर 0.06 व्होल्ट. क्लचवर 13.7. मग छप्पर लावून, ऐन दुपारी, बेलापूरपासून वाशीपर्यंत गाडी नेली. ताईच्या स्वयंपाकघरातला थर्मामीटर जाळीत खोचला होता, तो 8 अंशांवर आला. दाजींनी रेडिओ लावला आणि आवाज मोठा केला. सिग्नलला गाडी थांबली, बॉनेटखाली क्लच सुटल्याचा टक् आवाज आला. आम्ही दोघेही कान देऊन बसलो होतो. गाणं न खरखरता चालू राहिलं.