आठ हरीण: मिश्टेक राजाचा उदय आणि अंत

अ‍ॅझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लान वसायला अजून दोन शतकांहून जास्त काळ होता, तेव्हा दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरांत मिश्टेक लोकांची छोटी छोटी नगरराज्यं होती. त्यातल्याच तिलान्तोंगो या राज्यात 1063 मध्ये एका पुरोहिताला मुलगा झाला. मिश्टेक लोक 260 दिवसांच्या पंचांगातल्या जन्मदिवसाच्या नावावरूनच नाव ठेवत, म्हणून हा ‘आठ हरीण’.

गादीवर त्याचा वारसाहक्क नव्हता. त्याने आधी पॅसिफिकच्या किनाऱ्यावर तुतुतेपेकमध्ये सत्ता उभी केली. पुढे तिलान्तोंगोचा राजा वारस न ठेवता मेला. आठ हरणाने 1097 मध्ये मध्य मेक्सिकोतल्या तोल्तेक लोकांशी नातं असलेल्या एका बड्या सरदाराकडून नाक टोचून घेतलं. नाकातला तो पिरोजाचा दागिना राजपदाची खूण होता. त्याच्या जोरावर तिलान्तोंगोची गादी त्याला मिळाली.

मग 1100 मध्ये त्याच्या थोरल्या सावत्र भावाचा वाफेच्या स्नानगृहात खून झाला. काही अभ्यासकांचा संशय खुद्द आठ हरणावर आहे. पुढच्याच वर्षी त्याने प्रतिस्पर्धी घराण्यावर चाल केली. ‘अकरा वारा’ हा राजा आणि त्याची राणी ‘सहा माकड’ मारली गेली, राजाच्या दोन मुलांचा बळी दिला गेला. राणीचा कोवळा मुलगा ‘चार वारा’ मात्र वाचला. शिवाय आठ हरणाने त्याच घरातल्या मुलीशी, चार वाराच्या सावत्र बहिणीशी, लग्न केलं. माझ्या मते त्याची खरी चूक हीच: ज्या घराचा त्याने संहार केला, त्याच्याशीच सोयरीक जोडून तो निर्धास्त राहिला. 1115 मध्ये चार वाराच्या बाजूच्या लोकांनी त्याला पकडून बळी दिलं. पुढे चार वाराने आठ हरणाच्याच मुलीशी लग्न केलं.

हे सगळं हरणाच्या कातड्याच्या, घडी घालता येणाऱ्या चित्रपोथ्यांत रंगवलेलं आहे. लंडनमधल्या नटॉल पोथीत त्याचे विजय रंगले आहेत, पण गोष्ट त्याच्या मृत्यूआधीच थांबते. शेवट कळतो तो ऑक्सफर्डच्या बोडली पोथीतून. मेक्सिकोचे पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी 1949 मध्ये तेओसाकोआल्को या मिश्टेक गावाच्या 1580 सालच्या नकाशातल्या वंशावळी या पोथ्यांशी जुळवल्या, आणि या पोथ्या मिश्टेक राजघराण्यांच्या असल्याचं पक्कं झालं.

सालांचा घोळ मात्र राहिला. 260 आणि 365 दिवसांची दोन चक्रं 18,980 दिवसांनी, म्हणजे 52 वर्षांनी, पुन्हा जुळतात आणि सालांची नावं तीच येतात. आठ हरणाचं जन्मसाल आणि मृत्युसाल दोन्ही ‘बारा बोरू’ याच नावाची. कासो यांनी त्याचा जन्म 1011 चा धरला होता. अभ्यासक एमिली रॅबिन यांनी वंशावळी नव्याने तपासून ते गणित बरोबर एका चक्राने पुढे आणलं, आणि आज 1063 हेच साल मानलं जातं.