डब्लिनच्या पबमध्ये मुलांना बंदी? नाही!

‘मुलं सोबत असतील तर डब्लिनचे पब विसरा’ हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते साफ चूक आहे. आयर्लंडच्या कायद्यानुसार १८ वर्षांखालच्यांना रात्री ९ पर्यंत पबमध्ये बसता येतं, मे ते सप्टेंबरमध्ये १० पर्यंत. १५ वर्षांखालच्यांसोबत पालक हवेत, एवढंच. दारू अर्थातच नाही. मालक नकार देऊ शकतो, म्हणून दारातच विचारावं.

खरं तर दुपारी जेवायलाच जा. मटण-बटाट्याचा वाफाळता आयरिश स्ट्यू, सोडा ब्रेडचा जाड काप, त्यावर लोण्याचा सढळ थर. मुलं वाडगा पुसून खातात! गिनीस ही इथली काळी बिअर आधी पाऊण ग्लास ओततात, फेस स्थिरावला की उरलेली; तेही त्यांना दाखवा. गाण्या-वाजवण्याच्या बैठका मात्र बहुधा रात्रीच रंगतात, तेव्हा दुपारची कुठे आहे ते आधीच बघून ठेवा.